ताम्हनाचं बूड

माझा जावई देवदत्त वाईट माणूस नाही, हे वाक्य माझ्या नवऱ्याचं आहे. माझं नाही. विष्णुपंतांना आयुष्यात कोणी वाईट भेटलंच नाही, कारण भांडायची वेळ आली की ते मला पुढे करायचे आणि आपण चपला घालून फिरायला जायचे. मी मात्र जावयाला पहिल्या दिवशीच ओळखलं. साताऱ्याच्या कार्यालयात मंगलाष्टकं चाललेली, अंतरपाट धरलेला, माझी ज्ञानदा हातात हार घेऊन उभी, आणि नवरदेवाची मान वळलेली स्पीकरकडे. स्पीकर घूं घूं करत होता. हार पडले मात्र, हा गृहस्थ मुंडावळ्यांसकट अँप्लिफायरमागे जाऊन वायरी ओढत बसला. घूं घूं थांबली, लोकांनी कौतुक केलं. माझ्या डोक्यात तेव्हा जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

देवदत्त सांगलीचा, गावभागातला. वडील गणपती पेठेत हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. आई लहानपणीच गेली, त्यामुळे घरात याला 'हात लावू नकोस' म्हणणारं कोणी उरलं नाही. घड्याळ, रेडिओ, शेजाऱ्यांचा पंखा, जे म्हणून फिरतं किंवा बोलतं ते याने उघडून पाहिलं. मग डिप्लोमा केला आणि कुपवाडच्या एका कारखान्यात मशिनांच्या देखभालीवर लागला. नोकरी आहे, घर स्वतःचं आहे, व्यसन नाही. मुलगी देताना आम्ही एवढंच पाहिलं. या माणसाला कुठलीही वस्तू आहे तशी चाललेली सहन होत नाही, हे काही कोणी सांगितलं नाही. तिच्यावर जेवढं लिहिलंय त्याहून ती जास्त चालली पाहिजे, तरच याला जेवण गोड लागणार.

"कंपनी भिऊन कमी लिहिते, आई," तो मला समजावायचा. "वस्तूत दम जास्त असतो."

दिवाळसणाला आला तेव्हा त्याने आमच्या मिक्सरमधला दम काढला. मिक्सर असा काही फिरला की शेंगदाण्याच्या चटणीचं तेल झालं, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यातून धूर निघाला तो शेवटचा. पुढच्या खेपेला विष्णुपंतांच्या स्कूटरचा नंबर लागला. पोवई नाक्यावर ती त्यांच्या हातातून अशी सुटली की एक गुडघा आणि एक चष्मा दोन्ही फुटले. लंगडत घरी आले आणि मला म्हणाले, "गाडी पळते मात्र झकास." अशा नवऱ्यापुढे जावयाची तक्रार करण्यात काही अर्थ आहे का, तुम्हीच सांगा.

अठ्ठ्याण्णव साल संपता संपता देवदत्तने घरच्या घरी कॉम्प्युटर जुळवला. तयार मिळतो तो याला नको होता. एकेक भाग मुंबईहून आणला, एसटीत मांडीवर घेऊन आणला, आणि पुढच्या खोलीत टेबलावर सगळं उघडंवाघडं मांडून ठेवलं. कुपवाडच्या लहानसहान वर्कशॉपवाल्यांना सुट्या भागांची ड्रॉइंग लागतात. ती संध्याकाळी घरी काढून द्यायची आणि पुढे कधीतरी नोकरी सोडून हाच धंदा करायचा, असा त्याचा बेत होता. ज्ञानदाही शिकली. बेत वाईट नव्हता, हे मी म्हणेन. पण सरळ काम करेल तर तो देवदत्त कसला. कॉम्प्युटरच्या पोटात प्रोसेसर म्हणून एक चीज असते, सगळी आकडेमोड तीच करते. याने आणलेल्या प्रोसेसरचा वेग तीनशे, तसं त्यावर छापलेलंच होतं. याने आतल्या सेटिंग बदलून तो साडेचारशेवर पळवायला घेतला. ड्रॉइंग लवकर होतात म्हणे. आणि जास्त पळवला की प्रोसेसर तापतो, तापला की कॉम्प्युटर जागच्या जागी थिजतो, आणि अर्धवट काढलेलं ड्रॉइंग गेलं ते गेलंच.

एप्रिलमध्ये मी सांगलीला गेले तेव्हा हा प्रकार डोळ्यांनी पाहिला. एप्रिलातली सांगली ज्यांनी सोसली आहे त्यांना जास्त सांगायला नको. घरात एकच टेबलफॅन, आणि तो कॉम्प्युटरच्या उघड्या पोटाकडे तोंड करून लावलेला. मी भिंतीला टेकून पदराने वारा घेत बसले होते.

"देवदत्तराव, जरा इकडे फिरवता का?"

"आत्ता नको आई. आत्ता फिरवला तर हँग होईल."

सासू हँग झाली तर चालेल. ज्ञानदाने स्वयंपाकघरातून पुठ्ठा आणून दिला आणि म्हणाली, "आई, याने घे." माझ्या पोटची मुलगी. जेवताना मग त्याने मला व्याख्यान दिलं. प्रोसेसरच्या अंगाला धातूचा एक तुकडा चिकटवलेला असतो, त्याला पात्या असतात, तो उष्णता ओढून घेतो आणि पंखा ती उडवून लावतो. बाजारात मिळतो तो तुकडा अॅल्युमिनियमचा. तांब्याचा असता तर गोष्टच वेगळी. पण चांगलं जाड, जुनं तांबं आता मिळतं कुठे? मी आमटी भुरकत ऐकलं आणि विसरून गेले. तो विसरला नाही.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, जेवू घालायचं आणि जावयाला वाण द्यायचं, ही आपली रीत. तेहतीस अनारसे, वर दिवा, आणि हे सगळं ठेवायला एखादं चांगलं भांडं. भांड्यासकट वाण जावयाचं. जावई म्हणजे या महिन्यात विष्णू. माझ्या वाट्याला आधीच एक विष्णू होता, त्यात हा दुसरा. मी तांदूळ भिजवले, कुटले, तळताना हात पोळवून घेतले आणि अनारसे केले. पडलेली जाळी अशी होती की शेजारणी बघायला आल्या. भांडं आणायचं काम विष्णुपंतांकडे होतं. ते बाजारात गेलेच नाहीत. ऐन वेळेला, देवदत्त पाटावर बसलेला असताना, त्यांनी देवघरातून माझं ताम्हन उचललं, पंच्याने पुसलं आणि त्यात अनारसे रचायला लागले.

"अहो, ते नको," मी म्हटलं.

"का? चांगलं जड आहे. हल्ली असं तांबं मिळतं का?"

हे वाक्य ऐकून देवदत्तने मान वर केली. माझा हात ताम्हनाकडे गेलाच. पण जावई पाटावर बसलेला, निरांजन लागलेलं, अशा वेळी भांड्यावरून हिसकाहिसकी करणारी बाई मी नाही. मी ओठ आवळून ओवाळलं.

त्या ताम्हनाचं काय, ते आता सांगते. मी वाईची. माझ्या आईने माझ्या लग्नाच्या आधी तिथल्या तांबटाकडून ते मुद्दाम जाड करवून घेतलं होतं, आणि पाठीवर बरोबर मध्ये कोरून घेतलं होतं: चि. उमा, वाई. उमा म्हणजे मी. लग्नात तेच ताम्हन पुढे आलं, त्यात तांदूळ पसरले, आणि विष्णुपंतांनी सोन्याच्या अंगठीने त्या तांदळात माझं नवं नाव लिहिलं, लक्ष्मी. विष्णूची बायको लक्ष्मी, सगळ्यांना फार आवडलं. तांदळाच्या वर लक्ष्मी आणि ताम्हनाच्या खाली उमा. तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले, नाव मात्र राहिलं. त्यानंतर सासरी मला उमा कोणी म्हटलं नाही. भावंडं ताई म्हणायची. आई गेल्यावर तर ते नाव घेणारं माणूसच उरलं नाही. रोज सकाळी पूजा झाली की मी ते ताम्हन चिंचेने घासायची, पालथं करून पाठ घासायची, आणि अंगठा त्या अक्षरांवरून फिरायचा. कोणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं आणि मी सांगितलंही नाही.

देवदत्तने वाण उचललं ते तळहातावर तोलून. अनारसे ज्ञानदाच्या डब्यात ओतले, एकही तोंडात टाकला नाही, आणि ताम्हनाच्या कडेवर नखाने टिचकी मारली.

"आई, हे नुसतं तांबं आहे ना? यात दुसरं काही मिसळलेलं नाही?"

"वाईचं आहे," मी म्हटलं. "वाईला मिसळत नाहीत."

तो हसला. मी हसले नाही.

ते दोघं गेले आणि मला चैन पडेना. सकाळी पूजेला बसले की हात तिथेच जायचा. शेवटी मी बेत केला. साताऱ्यातच एक नवंकोरं ताम्हन घेतलं, जुन्यापेक्षा मोठं, आणि त्यावर 'चि. सौ. ज्ञानदा व श्री. देवदत्त यांस' असं छान वळणदार घालून घेतलं. हे द्यायचं आणि जुनं परत आणायचं. जुनं झिजलंय, तुम्हाला नव्यावर तुमचं नाव हवं, असं म्हणायचं. एवढं गोड मी जावयाशी कधी बोलले नव्हते, पण माझ्या ताम्हनासाठी बोलणार होते. अधिक संपायच्या आत कराडवरून जाणारी एसटी पकडली आणि सांगली गाठली.

देवदत्त कामावर गेला होता. ज्ञानदाने पाणी दिलं, पिशवीतून नवं ताम्हन निघालेलं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"छान आहे गं," ती म्हणाली.

"आवडलं ना? मग जुनं दे इकडे."

"जुनं वापरात आहे, आई."

वापरात असेल तर देवघरात असेल म्हणून मी देवघरात पाहिलं. तिथे स्टीलची ताटली होती. स्वयंपाकघरात नाही, मांडणीवर नाही. ज्ञानदा माझ्या मागून येत होती. शेवटी तिने पुढच्या खोलीकडे बोट केलं. कॉम्प्युटर उघडाच होता. आत, पंख्याच्या मागे, तांबड्या पट्ट्यांची एक उभी रांग दिसत होती. शेवटच्या पट्टीला ताम्हनाच्या काठाची गोलाई अजून तशीच होती. तो काठ मला आंधळेपणीही हाताला कळला असता.

"आई, ओरडू नकोस," ज्ञानदा म्हणाली.

मी ओरडले नाही. एवढंच विचारलं, "कापलं कोणी?" कुपवाडला आप्पासोंचं वर्कशॉप आहे, तिथे. उरलेले तुकडे तिथेच असतील, असंही ती म्हणाली. मी पिशवी उचलली आणि रिक्षा केली. देवाचं भांडं कापलं ते कापलं, पण ती पाठ, ती अक्षरं असलेला तुकडा, तेवढा तरी मला हवा होता. बाकीच्याचं काय हवं ते करा.

आप्पासो दारातच लोखंडाच्या पाट्या मोजून घेत होते. मोठ्या पोटाचे, कपाळाला गंध. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी स्टूल पुसून पुढे केलं.

"आवं मावशी, ते ताम्हन व्हय? लय जाड व्हतं बगा. कात्रीत घालताना मलाबी कसंतरीच झालं. म्या सायबास्नी म्हनलं, ह्ये देवाचं हाय, दुसरं कायतरी आना. तर त्ये म्हनले, सासऱ्यांनी मलाच दिलंय."

"तुकडे काही उरले का?"

"न्हाई वो. कतरन भंगारात गेली कवाच."

"आणि मागं अक्षरं होती तो?"

आप्पासोंचं तोंड उजळलं. "त्यो व्हय? त्यो बुडाचा तुकडा सायबांनी सवता काढून घेतला. म्हनले, ह्याला धक्का लागाय नगं, ह्योच लय कामाचा. मी सोता फडक्यात गुंडाळून दिला."

मी त्या स्टुलावर तशीच बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण या जावयाला जरा जास्तच बोललो. त्याने अक्षरं पाहिली होती, ओळखली होती, बाजूला काढून ठेवली होती. रिक्षात परत येताना मी मनातल्या मनात त्याला काय म्हणायचं ते जुळवत होते. राग होताच, पण त्याच्या शेवटी एक बरं वाक्य ठेवलं होतं.

देवदत्त संध्याकाळी आला, हातपाय धुतले आणि मला पाहून म्हणाला, "आई, कधी आलात?"

"ते बूड दाखवा मला," मी म्हटलं. "ताम्हनाचं."

त्याला कसलाही संकोच झाला नाही. उलट आनंदच झाला. सासू कॉम्प्युटरमध्ये रस घेते म्हणून त्याने पटकन बटण बंद केलं, एक क्लिप सोडवली आणि तांब्याचा तो सगळा डोलारा प्रोसेसरसकट बाहेर काढला. ताम्हनाच्या पट्ट्या एका चौकोनी तळाला डाग देऊन जोडल्या होत्या. त्या तळाला प्रोसेसर टेकलेला. त्याने तो अलग केला, मध्ये पांढरा मलमासारखा लेप होता तो फडक्याने पुसला, आणि तळ माझ्याकडे करून धरला.

"बघा. साडेचारशेवर दिवस दिवस चालतो, या उन्हाळ्यात. एकदाही थिजला नाही."

तळावर एकही अक्षर नव्हतं.

"अक्षरं कुठे आहेत?"

"ती घासून काढली," तो म्हणाला. आणि कसं घासलं ते सांगायला लागला. फरशीवर काच ठेवायची, काचेवर पॉलिश पेपर, वर थोडं पाणी, आणि तुकडा गोल गोल फिरवायचा. पेपर बारीक बारीक करत न्यायचा. "आठवडाभर रोज घासत होतो. अक्षरांच्या खाचेत हवा राहते ना, हवा राहिली की उष्णता पुढे सरकत नाही. पूर्ण सपाट हवं. बुडाइतकं जाड आणि सपाट दुसरीकडे कुठे नव्हतंच. बघा तरी, आई, चेहरा दिसतो त्यात."

दिसत होता. माझं कुंकू, माझं नाक, कपाळावरचे केस, सगळं त्या तांब्यात अगदी नितळ दिसत होतं. जिथे माझं नाव होतं बरोबर त्या जागी माझं तोंड होतं, आणि ते तोंड मला पाहवेना. माझ्या आईने पैसे साठवून कोरून घेतलेली अक्षरं या माणसाने पाणी घालून घासली आणि त्यांचा लगदा मोरीत ओतून दिला. मला त्या क्षणी त्याचा जेवढा तिटकारा आला तेवढा कोणाचाच कधी आला नव्हता.

"काय लिहिलं होतं त्यावर?" मी विचारलं.

"चि. उमा, वाई," तो लगेच म्हणाला. "घासायच्या आधी मी ज्ञानदाला विचारलं होतं, उमा कोण."

"मला काय माहीत?" ज्ञानदा म्हणाली. "मी म्हटलं असेल बाबांकडची कोणी आत्या. मी फोनसुद्धा केला होता साताऱ्याला. तू भजनाला गेली होतीस. बाबा म्हणाले, जुनं भांडं आहे, असेल कोणाचं तरी नाव, चालेल."

"उमा मी."

ज्ञानदा म्हणाली, "तू तर लक्ष्मी." म्हटलं, लग्नात झाले, त्याआधी वीस वर्षं मी कोणीतरी असेनच ना. देवदत्तने तो तळ खाली ठेवला.

"आई, मला माहीत असतं तर..."

"तर काय केलं असतंत?"

त्याने खरोखर विचार केला. खोटं बोलता येत नाही त्याला, हा त्याचा आणखी एक दुर्गुण. "दुसरा तुकडा लावून बघितला असता," तो म्हणाला. "पण त्याने साडेचारशे मिळाले नसते."

मी तो तांब्याचा तुकडा पट्ट्यांसकट उचलला आणि माझ्या पिशवीत टाकला. कोणी अडवलं नाही. त्या घरात त्या संध्याकाळी कॉम्प्युटर बंद होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी एकटीच बाहेर पडले आणि पेठेत भांड्यांचं एक दुकान गाठलं, जिथे भांड्यावर नाव घालून देतात. दुकानदाराने मशीन हातात घेतलं, तो पात्यापात्यांचा डोलारा उलटसुलट करून पाहिला.

"हे काय आहे, मावशी?"

"ताम्हन."

त्याने पुढे विचारलं नाही. "काय घालायचं? कोणाकडून कोणाला?"

"कोणाकडूनही नाही. नुसतं उमा. मोठं घाला आणि खोल घाला."

"एवढ्या गुळगुळीत तांब्यावर खोल घातलं तर कडा वर येतील."

"येऊ द्या."

त्याने घातलं. अक्षरं तांबटाच्या हातची नव्हती, मशीनची होती, पण खोल होती. मी बोट फिरवून पाहिलं. बोटाला कडा लागल्या. घरी येऊन मी तो तुकडा देवदत्तच्या हातात दिला आणि म्हटलं, "बसवा."

त्यानेही बोट फिरवलं. त्याला काय करून ठेवलंय ते लगेच कळलं.

"हे नीट टेकणार नाही, आई. नुसत्या कडा उतरवतो जरा. नाव राहील."

"घासायचं नाही."

"मग साडेचारशेवर चालणार नाही."

"त्याच्यावर तीनशे लिहिलंय ना? तीनशेवर चालू दे."

लग्नानंतर पहिल्यांदा मी देवदत्तला चिडलेला पाहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तुम्हाला हे पहिल्यापासून बंद पडलेलंच बघायचं होतं," तो म्हणाला. "मी जे करतो ते तुम्हाला कधी आवडलंय? मिक्सर जळला ते आठवतं, तो आधी चालतच नव्हता ते नाही आठवत. कुपवाडला आठ तास मशिनांखाली लोळतो मी. त्यातून बाहेर पडायचं होतं मला. त्यासाठी हवा होता हा वेग."

"पडा की बाहेर. माझ्या नावावरून कशाला?"

त्याने लेप लावला, तळ टेकवला, क्लिप दाबली. आधी साडेचारशेवर लावून पाहिलं. पडदा उजळला, ज्ञानदाने एक ड्रॉइंग उघडलं, निम्म्या रेघा उमटल्या आणि सगळं जागच्या जागी थिजलं. टेबलफॅन आणून लावला. पुन्हा थिजलं. मग त्याने सेटिंग उतरवत आणली. तीनशेवर आल्यावर रेघा सावकाश, एकेक करत, पूर्ण उमटल्या.

"आई, तू हे मुद्दाम केलंस," ज्ञानदा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

"हो. मुद्दाम केलं."

देवदत्त पडद्याकडे बघत बसला होता. त्याने ते पुन्हा घासलं की नाही मला माहीत नाही. मी विचारणार नाही आणि तो विचारल्याशिवाय सांगणार नाही. एक मात्र मला कबूल करावं लागतं, आणि ते करताना संताप होतो. माझ्या आईने घातलेलं नाव शेवटचं कोणी वाचलं असेल, कोण ही म्हणून चौकशी केली असेल, तर ती या माणसाने. माझ्या घरच्या दुसऱ्या कोणी केली नव्हती.

नवं ताम्हन मी परत आणलं. तिथे ठेवलं असतं तर त्याचीही कात्रीशी गाठ पडली असती. साताऱ्याला पोचले तेव्हा विष्णुपंत वर्तमानपत्र वाचत होते. पिशवीतून तेच नवं ताम्हन निघालेलं पाहून म्हणाले, "अगं, जुनं नाही मिळालं? जाऊ दे. भांडंच ते."

मी त्यांच्या समोर बसले. "एक सांगा मला. लग्नाआधी माझं नाव काय होतं?"

"हे काय आता मध्येच?"

"सांगा."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. चष्मा काढला. छताकडे बघत बराच वेळ आठवत राहिले. आठवायचा प्रयत्न त्यांनी मनापासून केला, ते मी नाकारणार नाही.

"छोटंसंच होतं काहीतरी," ते म्हणाले. "दोन अक्षरी. छान होतं."

मी उठून आत गेले आणि चहा ठेवला. एकाच कपाचा.